परीक्षेची तयारी आणि परीक्षेचा ताण : कोलकात्याचा अनुभव

कोलकाता विद्यापीठाची पहिली बी. ए. परीक्षा १८५८ साली झाली. तिला बसलेल्या मूठभर विद्यार्थ्यांपैकी एकही जण सर्व विषयांत उत्तीर्ण झाला नाही. तेव्हा परीक्षकांनी दोघांची शिफारस केली. सहापैकी पाच विषयांत या दोघांची कामगिरी चांगली होती आणि सहाव्या विषयात ते जास्तीत जास्त सात गुणांनी कमी पडले होते. विद्यापीठाने वाढीव गुण देऊन दोघांना दुसऱ्या श्रेणीत पदवी बहाल केली. त्यांपैकी एकाचे नाव यदुनाथ बसू. दुसऱ्याचे नाव बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ‘वंदे मातरम्’ या गीताचे कर्ते आज आपण ज्यांना ग्रेस मार्क म्हणतो त्यांच्या आधारे पदवीधर झाले, ही गोष्ट दहावी-बारावीच्या वर्षी घराघरांत सांगितली जायला हवी. ती सहसा सांगितली जात नाही.

या घटनेला दीडशेहून अधिक वर्षे उलटली. परीक्षा, परीक्षार्थी आणि परीक्षेची धास्ती या तिन्ही गोष्टी कोलकात्यात आज पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर आहेत. या शहराने परीक्षेशी जुळवून घेण्याच्या काही रीतीही घडवल्या आहेत. त्यांपैकी काही मानसशास्त्राच्या कसोटीला उतरतात, काही उतरत नाहीत. महाराष्ट्रातील विद्यार्थी आणि पालक यांना उपयोगी पडेल अशा दृष्टीने या अनुभवाची माहिती येथे देत आहोत.

परीक्षांचे शहर

कोलकाता विद्यापीठाची स्थापना २४ जानेवारी १८५७ रोजी झाली. मुंबई विद्यापीठ त्याच वर्षी १८ जुलै रोजी आणि मद्रास विद्यापीठ ५ सप्टेंबर रोजी स्थापन झाले. स्थापनेनंतर दोनच महिन्यांत, मार्च १८५७ मध्ये, कोलकाता विद्यापीठाने शालान्त स्तरावरील पहिली ‘प्रवेश परीक्षा’ घेतली. तिला २४४ विद्यार्थी बसले होते. पुढे याच परीक्षेची मॅट्रिक झाली, मॅट्रिकच्या जागी स्कूल फायनल आली आणि १९७६ पासून राज्य मंडळाची दहावीची परीक्षा ‘माध्यमिक’ या नावाने होऊ लागली. बंगाली माणसाच्या बोलण्यात ‘माध्यमिक’ हा शब्द आपल्याकडच्या ‘दहावी’सारखाच येतो. त्यात वर्ष, वय, घरातले वातावरण आणि शेजाऱ्यांची चौकशी एवढे सगळे सामावलेले असते.

२०२५ साली माध्यमिक परीक्षेसाठी नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ९ लाख ८४ हजार होती. सात विषय आणि प्रत्येकी १०० गुण, असे एकूण ७०० गुण असतात. प्रत्येक विषयात ९० गुण लेखी परीक्षेचे आणि १० गुण शाळांतर्गत मूल्यमापनाचे. लेखनासाठी तीन तास मिळतात आणि त्याआधी केवळ प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी १५ मिनिटे दिली जातात. या १५ मिनिटांविषयी पुढे लिहिले आहे.

बारावीची परीक्षा ‘उच्च माध्यमिक’ या नावाने १९७५ साली स्थापन झालेली स्वतंत्र परिषद घेते. या परीक्षेत अलीकडे मोठा बदल झाला. २०२४-२५ मध्ये अकरावीत आलेल्या विद्यार्थ्यांपासून वार्षिक परीक्षेच्या जागी सत्र पद्धत आली. दोन वर्षांची चार सत्रे झाली. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात पर्याय निवडण्याचे प्रश्न, तर दुसऱ्या आणि चौथ्या सत्रात लिहून उत्तरे देण्याचे प्रश्न अशी विभागणी करण्यात आली. वर्षाच्या शेवटी एकदाच येणारे ओझे वाटले जावे, हा हेतू चांगलाच आहे. मात्र ओझे वाटले गेले म्हणजे ते हलके झाले, असे प्रत्येक घरात घडत नाही. काही घरांत पूर्वी एकदा येणारा परीक्षेचा काळ आता दोनदा येतो. याखेरीज शहरातील अनेक शाळा केंद्रीय मंडळाशी किंवा १९५८ साली स्थापन झालेल्या आयसीएसई परिषदेशी संलग्न आहेत. त्यामुळे एकाच घरातील तीन भावंडे तीन वेगवेगळ्या मंडळांच्या परीक्षा देत आहेत, असेही आढळते.

करोना साथीच्या काळात, ७ जून २०२१ रोजी, राज्य सरकारने त्या वर्षीच्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक या दोन्ही परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी सरकारने जनतेची मते मागवली होती आणि मत कळवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी परीक्षा घेऊ नये असेच कळवले होते. त्या वर्षी परीक्षेविना उत्तीर्ण होऊनही अनेकांना हायसे वाटले नाही. पुढे काय, आपल्या गुणांवर कोणी विश्वास ठेवील का, ही काळजी परीक्षेच्या काळजीइतकीच बोचरी ठरली. परीक्षा नसली की ताणही नाहीसा होतो, हा समज त्या वर्षाने खोटा ठरवला.

‘टेस्ट पेपर’ नावाचे जाडजूड पुस्तक

कोलकात्यात परीक्षेच्या तयारीची खरी ओळख करून घ्यायची तर कॉलेज स्ट्रीटला जावे लागते. विद्यापीठ, प्रेसिडेन्सी आणि संस्कृत महाविद्यालय यांच्या आसपास पसरलेल्या या भागाला बंगालीत ‘बोई पाडा’, म्हणजे पुस्तकांची आळी, असे म्हणतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये जी गर्दी उसळते, तशी गर्दी येथे हिवाळ्यात असते. माध्यमिकच्या आधी प्रत्येक शाळा आपल्या विद्यार्थ्यांची एक चाळणी परीक्षा घेते. तिला नुसते ‘टेस्ट’ म्हणतात. निरनिराळ्या शाळांच्या या प्रश्नपत्रिका एकत्र करून ‘टेस्ट पेपर’ नावाचा जाडजूड ग्रंथ छापला जातो. १९२१ साली स्थापन झालेल्या निखिल बंग शिक्षक समितीचा टेस्ट पेपर पिढ्यानपिढ्या वापरात आहे. आईच्या वेळचा टेस्ट पेपर माळ्यावर आणि मुलीचा टेबलावर, असे दृश्य बंगाली मध्यमवर्गीय घरात नवलाचे नाही.

या पुस्तकात उत्तरे पाठ करायची नसतात. विद्यार्थी घड्याळ लावून बसतो, कुठल्यातरी अनोळखी शाळेची प्रश्नपत्रिका उघडतो आणि तीन तासांत ती सोडवतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेची. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवसापर्यंत त्याने अशा वीस-पंचवीस ‘परीक्षा’ दिलेल्या असतात. एकविसावी प्रश्नपत्रिका हातात आली की ती मंडळाची आहे एवढाच काय तो फरक.

ही जुनी रीत संशोधनानेही उचलून धरली आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीन वेळा, पुस्तक मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, लिहून पाहणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. विशेष म्हणजे आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे येतो असे वाटू लागते. परीक्षागृहात ‘मला हे येत होतं, पण आठवलं नाही’ असे जे विद्यार्थी म्हणतात, त्यांचा बहुधा हाच घोटाळा झालेला असतो.

बंगालीत पाठांतराला ‘मुखस्थ’ करणे म्हणतात आणि मराठीत आपण ‘मुखोद्गत’ म्हणतो. एकात विद्या मुखात राहिली, दुसऱ्यात ती मुखातून बाहेर पडली. भाषांतर करताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज बसतात, तरी परीक्षेच्या दृष्टीने मराठी शब्द अधिक नेमका म्हणावा लागेल. बाहेर काढून पाहिलेलेच टिकते.

मात्र कॉलेज स्ट्रीटवर टेस्ट पेपरच्या शेजारीच आणखी एक पुस्तिका विकली जाते. तिला ‘साजेशन’ म्हणतात. यंदा कोणते प्रश्न येण्याचा संभव आहे याची ही यादी असते. आपल्याकडे ‘अपेक्षित प्रश्नसंच’ या नावाने हाच माल मिळतो. टेस्ट पेपर विद्यार्थ्याला अनपेक्षित प्रश्नाची सवय लावतो, तर साजेशन अनपेक्षित प्रश्न येणारच नाही असा दिलासा देते. असा दिलासा पहिल्या अनोळखी प्रश्नाला संपतो, आणि परीक्षागृहात डोळ्यांपुढे अंधारी येण्याचे प्रसंग बहुतेक याच क्षणी घडतात.

खासगी शिकवणीचाही येथे उल्लेख करायला हवा. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार २०२२ साली पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील सुमारे ७४ टक्के शाळकरी मुले पैसे भरून शिकवणीला जात होती. देशाचे प्रमाण त्या वेळी सुमारे ३० टक्के होते. म्हणजे शिकवणी हा केवळ शहरी सुखवस्तू घरांचा प्रकार राहिलेला नाही. शिकवणीने किती फायदा होतो हा वादाचा विषय आहे. वेळेचा हिशेब मात्र सोपा आहे. शाळा, दोन-तीन शिकवण्या आणि त्यांमधला प्रवास वजा केल्यावर एकट्याने बसून आठवून लिहिण्यासाठी दिवसाचे किती तास उरतात, हे पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावे.

ताण म्हणजे काय

मानसशास्त्र हा विषय भारतात विद्यापीठीय पातळीवर प्रथम रुजला तोही कोलकात्यातच. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. याच शहरातील डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली. सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. ज्या शहरात परीक्षेचे भय सर्वांत आधी संघटित झाले, त्याच शहरात मनाच्या अभ्यासालाही सुरुवात व्हावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

परीक्षेचा ताण हा मुळात आजार नव्हे. समोर महत्त्वाचे काम आले की शरीर सज्ज होते, हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो आणि पोटात कालवाकालव होते. थोडा ताण असल्याखेरीज माणूस टेबलापाशी बसतच नाही. ताण एका मर्यादेपर्यंत कामगिरी सुधारतो आणि त्यापुढे बिघडवतो, हे तत्त्व यर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी १९०८ साली मांडले. त्यांचे प्रयोग उंदरांवर होते, हे लक्षात ठेवलेले बरे. पण काम जितके अवघड तितका कमी ताण सोसवतो, हा त्यांचा निष्कर्ष शिक्षकांच्या अनुभवाशी जुळतो. पाढे म्हणताना दरडावले तर मूल कदाचित लवकर म्हणेल. भूमितीची नवी उपपत्ती सोडवताना दरडावले तर जे येते तेही विसरेल.

काळजी ही मनातील जागा अडवते. गणित सोडवताना आकडे, सूत्र आणि पुढची पायरी एकाच वेळी ध्यानात ठेवावी लागतात. त्याच जागेत ‘नापास झालो तर’ हा विचार शिरला की एखादी पायरी गळून पडते. यावर एक साधा उपाय संशोधनात पुढे आला आहे. जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटे आपली धास्ती कागदावर उतरवायला सांगितले होते. ज्यांना परीक्षेची भीती अधिक वाटत होती, त्यांची कामगिरी या लेखनाने सुधारली. कागद कोणाला दाखवायचा नसतो. लिहावे आणि फाडून टाकावे.

झोपेविषयी मात्र कोणताही वाद नाही. १४ ते १७ या वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसा वाचलेले रात्रीच्या झोपेत पक्के होते. रात्रभर जागून वाचणारा विद्यार्थी म्हणजे दिवसभर पाणी भरून रात्री हंड्याला भोक पाडणारा गृहस्थ. कोलकात्यात रात्रीचे जागरण हे अभ्यासूपणाचे लक्षण मानले जाते, आणि खरे सांगायचे तर पुण्या-नागपुरातही स्थिती वेगळी नाही. शेजारच्या खिडकीतला दिवा किती वाजेपर्यंत जळतो यावर अभ्यासाची इयत्ता ठरवण्याची सवय आपल्याकडेही आहे.

शहर काय करते

माध्यमिक आणि उच्च माध्यमिक परीक्षांच्या काळात, तसेच त्याआधी तीन दिवस, उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास पश्चिम बंगालमध्ये बंदी असते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तसे आदेश काढते. ध्वनिक्षेपकांना आवर घालण्याची ही परंपरा कोलकाता उच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयापासून बळकट झाली. अंमलबजावणीत त्रुटी असतात. तरीही परीक्षार्थीची शांतता ही केवळ त्याच्या घराची जबाबदारी नसून शहराचीही आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले आहे.

फेब्रुवारी २०२३ मधील एका घटनेची देशभर चर्चा झाली. माध्यमिकच्या दिवशी हावडा पुलाजवळच्या रस्त्यावर एक मुलगी रडत मदत मागत होती. घरात आजोबांचे निधन झाले होते, कुटुंब अंत्यसंस्कारासाठी गेले होते आणि ती एकटीच परीक्षेला निघाली होती. केंद्र दूर होते आणि वेळ संपत आली होती. तेथे कर्तव्यावर असलेल्या वाहतूक पोलीस अधिकाऱ्याने तिला आपल्या गाडीत घेतले, नियंत्रण कक्षाला कळवून वाटेतील वाहतूक मोकळी करून घेतली आणि श्यामबाजारच्या परीक्षा केंद्रावर वेळेत पोहोचवले. परीक्षेच्या दिवसांत विसरलेले प्रवेशपत्र घरून आणून देणे, चुकीच्या केंद्रावर गेलेल्या विद्यार्थ्याला योग्य केंद्रावर नेणे, अशी कामे कोलकाता पोलीस नेहमीच करतात. बंगालीत ‘सीट कुठे पडली?’ असे विचारतात. ती बहुधा दुसऱ्याच शाळेत पडलेली असते. म्हणून केंद्र आधी एकदा पाहून येणे, बसचा किंवा मेट्रोचा मार्ग ठरवून ठेवणे आणि हॉल तिकिटाची प्रत घरात ठेवणे, ही तयारीही अभ्यासाइतकीच महत्त्वाची समजावी.

मुलांच्या कपाळाला दह्याचा टिळा लावून त्यांना परीक्षेला पाठवण्याची बंगाली घरांत रीत आहे. आपण हातावर दही-साखर ठेवतो. परीक्षेच्या सकाळी अंडे खायचे नाही, कारण त्याचा आकार शून्यासारखा असतो, असाही एक समज आहे. आहारतज्ज्ञ त्याला मान्यता देणार नाहीत, पण घरातील आजीशी त्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नाही. सरस्वती पूजेच्या दिवशी पुस्तके देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी अभ्यास करत नाहीत. माघ शुद्ध पंचमीची ही पूजा परीक्षेच्या तोंडावर येते. अभ्यास न करण्याची धर्मसंमत सुट्टी ऐन परीक्षेच्या हंगामात असावी, यात पूर्वजांचे शहाणपण दिसते. दसऱ्याच्या पाटीपूजनाला आपल्याकडे हा लाभ नाही. तो सण परीक्षेपासून फार लांब असतो.

शेवटचे पंधरा दिवस आणि ते तीन तास

अखेरच्या पंधरवड्यात नवा विषय उघडू नये, असा अनुभवी शिक्षकांचा सल्ला असतो. जे वाचून झाले आहे ते काही दिवसांच्या अंतराने पुन्हा आठवून पाहावे. एकाच दिवशी आठ तास एकच विषय करण्यापेक्षा तोच विषय चार दिवसांत दोन-दोन तास केला तर अधिक टिकतो. अंतर ठेवून केलेला अभ्यास आणि स्वतःची परीक्षा घेणे या दोन पद्धती सर्वांत परिणामकारक आहेत, असे अभ्यासतंत्रांची छाननी करणाऱ्या संशोधकांनी २०१३ साली नोंदवले. ओळींखाली रंगीत रेघा ओढणे ही पद्धत त्याच छाननीत सर्वांत खालच्या गटात गेली. अनेक विद्यार्थ्यांची पुस्तके पिवळ्या-गुलाबी रंगांत न्हाऊन निघालेली असतात, त्यांना हे रुचणार नाही.

वेळेचे गणित आधी मांडावे. माध्यमिकच्या ९० गुणांसाठी १८० मिनिटे असतात, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटे. महाराष्ट्राच्या दहावीत ८० गुणांच्या भाषा विषयाला तीन तास, म्हणजे गुणामागे सव्वादोन मिनिटे. ४० गुणांच्या गणिताच्या एका भागाला दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटे. चार गुणांच्या प्रश्नावर पंचवीस मिनिटे गेली की पुढचे कोणते प्रश्न आपण सोडून देत आहोत, हे या हिशेबावरून लगेच कळते.

आता त्या १५ मिनिटांविषयी. पश्चिम बंगालमध्ये प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी ही मिनिटे मिळतात आणि तेव्हा उत्तरे लिहिता येत नाहीत. हात बांधलेले असल्याने डोळ्यांना सगळी प्रश्नपत्रिका पाहावीच लागते. पहिला प्रश्न न येणारा निघाला तरी चौथा आणि सातवा येतो आहे हे आधीच कळते. महाराष्ट्र मंडळाने पूर्वी सुरुवातीला दिली जाणारी दहा मिनिटे २०२३ पासून शेवटी वाढवून दिली. ज्यांचे लेखन संथ आहे त्यांना याचा लाभ होतो. पण वाचनाची सक्तीची शांतता त्यामुळे गेली, ती विद्यार्थ्याने स्वतःच निर्माण करायची आहे. पहिली पाच मिनिटे लेखणी खाली ठेवून केवळ वाचावे. अंधारी आल्यासारखे वाटले तर दोन्ही पाय जमिनीला टेकवून चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडावा आणि नक्की येणाऱ्या लहान प्रश्नापासून आरंभ करावा. हात चालू लागला की मन बहुधा त्याच्यामागून येते.

केंद्राबाहेर वर्तमानपत्र अंथरून बसलेले पालक हे कोलकात्याचे नेहमीचे दृश्य. मूल बाहेर आले की पहिला प्रश्न बहुतेकांचा ठरलेला असतो, ‘पेपर कसा गेला?’ आणि लगेच प्रश्नपत्रिका उघडून एकेक उत्तर तपासले जाते. हे टाळावे. झालेला पेपर बदलत नाही, पण त्या तपासणीने दुसऱ्या दिवशीचा पेपर बिघडतो. मुलाला जेवू द्यावे, तासभर झोपू द्यावे.

निकालानंतरचे दिवस

परीक्षेच्या ताणाविषयीचे बहुतेक लेखन परीक्षा संपली की थांबते. खरा धोका मात्र अनेकदा त्यानंतर असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा आकडा १ हजार ७६४ होता आणि तो सर्व राज्यांत अधिक होता. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण नोंदवलेल्या आत्महत्या २ हजार २४८ होत्या. अशा प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते, हे तज्ज्ञ वारंवार सांगतात. तरीही हे आकडे मराठी वाचकाने दुसऱ्या कुणाच्या घरातले समजू नयेत.

पश्चिम बंगालमध्ये माध्यमिकचा निकाल लागला की पहिल्या दहा क्रमांकांची यादी पत्रकार परिषदेत वाचली जाते आणि वाहिन्यांच्या गाड्या त्या घरांकडे धावतात. महाराष्ट्राच्या मंडळाने गुणवत्ता यादीची प्रथा पूर्वीच बंद केली आणि आयसीएसई परिषदेनेही २०२४ पासून ती सोडली. बंगालमधील यादीमुळे गावातील गरीब घरच्या मुलामुलींची नावे राज्यभर होतात, हा तिचा चांगला भाग आहे. उरलेल्या नऊ लाखांना मात्र ती न सांगता बरेच काही सांगते. कोलकाता विद्यापीठाच्या १९१५ च्या एम. एस्सी. परीक्षेत सत्येंद्रनाथ बोस पहिले आणि मेघनाद साहा दुसरे आले होते. पाच वर्षांनी साहांनी ताऱ्यांच्या तापमानाचे कोडे उलगडणारे समीकरण मांडले, तेव्हा त्यांचा क्रमांक कोणी विचारला नाही. याच शहरात जन्मलेल्या रवींद्रनाथांनी शालेय शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि ‘तोताकाहिनी’ या १९१८ च्या कथेत, पोपटाला पोथ्यांची पाने चारून शिकवणाऱ्यांची थट्टा केली. ती थट्टा आजही कोलकात्याच्या शाळांत शिकवली जाते आणि तिच्यावर गुणही मिळत असतील, असे म्हणायला जागा आहे.

पश्चिम बंगालच्याच एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने या विषयाला कायद्याचे परिमाण दिले. वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी ती विशाखापट्टणमला राहत होती आणि २०२३ साली तेथे तिचा मृत्यू झाला. वडील न्यायालयात गेले. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि त्याच निकालात देशातील सर्व शिक्षणसंस्था, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत कमी गुणांवरून अपमान करू नये, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. मुलाला शिकवणीला किंवा वसतिगृहात घालताना शुल्काची चौकशी आपण करतोच. समुपदेशक कोण आहे आणि तो कोणत्या दिवशी भेटतो, ही चौकशीही पालकांनी करावी. ती करण्याचा त्यांना अधिकार आहे.

मूल अबोल होणे, जेवण आणि झोप एकाएकी बदलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ अशी भाषा वापरणे, ही लक्षणे दिसली तर ‘निकाल लागला की ठीक होईल’ म्हणून थांबू नये. सरळ विचारावे. जीव नकोसा वाटतो का, असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने बहुधा बोलण्याची वाट मोकळी होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे नेण्यास विलंब लावू नये.

कमी गुण मिळाल्यास मार्ग उरतात, हे निकालाआधीच घरात बोलून ठेवावे. निकालाच्या दुपारी ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते. महाराष्ट्रात दहावीची पुरवणी परीक्षा २०१५ पासून जुलैमध्ये घेण्यास सुरुवात झाली, त्यामुळे अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचे वर्ष वाचू शकते. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. पश्चिम बंगालमध्येही निकालानंतर गुणांची फेरतपासणी मागता येते. या अर्जांना मुदत असते आणि ती थोडीच असते, म्हणून तारखा निकालाच्या दिवशीच लिहून घ्याव्यात.

केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. ती विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते आणि मराठी तसेच बंगाली भाषेतही बोलता येते. कोलकात्यात लाइफलाइन फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था १९९६ पासून दूरध्वनीवरून असेच काम करत आहे. फोन विद्यार्थ्यानेच करायला हवा असे नाही. आई, वडील, शिक्षक किंवा वर्गातील मित्रही तो करू शकतो.